बारी कोणाची

कंपनीचा मॅनेजर हार घेऊन आला तेव्हाच मुक्ताला कळलं, की हा हार दादांच्या फोटोसाठी नाही, विहिरीसाठी आहे.

हार मोठा होता. सलग दुसऱ्या दुष्काळात, ऐन एप्रिलमध्ये, एवढी ताजी फुलं याने कुठून पैदा केली असतील, हा विचार तिच्या मनात आधी आला आणि वडील गेल्याचं दुःख मागाहून. पुण्यात एका बांधकाम कंपनीच्या खरेदी खात्यात वर्षानुवर्षं सळई, डांबर आणि पुलांचे बेअरिंग विकत घेत बसलं की माणसाचं असं होतं. फुलं दिसली तरी वास येत नाही, पुरवठादार दिसतो.

मॅनेजरचं नाव श्रीनिवासुलू. चौपदरी रस्त्याच्या कामासाठी लागणारा मुरूम, खडी, वाळू, पाणी, सगळं तोच खरेदी करायचा. तेलंगणातलं ते नाव इथे कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळ्यांनी त्याला शिनूसाहेब करून टाकलं होतं. त्याने दादांच्या फोटोला हार घातला, हात जोडले, शोभेल इतका वेळ डोळे मिटले, आणि उघडले ते थेट विहिरीच्या दिशेने.

"अच्छे आदमी थे," तो म्हणाला. "लई चांगले."

"आदमी कायके साहब, हीरा था हीरा," मोहनकाका म्हणाले. दादांचे हे धाकटे भाऊ जन्मभर बांधकाम खात्यात कारकून होते. समोरचा साहेब जी भाषा बोलेल ती त्यांना यायचीच. "उनके पीछे यतीम हो गये हमलोगां."

साठी उलटलेले काका पोरके झाल्याचं ऐकून आत्याने पदर तोंडाला लावला. रडायला की हसायला, हे दगडाबाई आत्याच्या बाबतीत कधीच नक्की सांगता येत नसे.

दुसऱ्या दिवशी दादांचा जलदान विधी होता. अंगणात मांडव पडला होता, पांढऱ्या कापडावर बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो मांडला होता, आणि पत्रिकेवर 'कालकथित धर्मराज' असं छापून आलं होतं. छापखान्याने अनुस्वारही जागच्या जागी दिले होते. दादा हयात असताना त्यांच्या संस्थेचं लेटरहेड एकदाही इतकं शुद्ध छापून आलं नव्हतं.

लेटरहेडवर या घराची भाकरी होती. बहात्तरच्या दुष्काळात दादांनी सरकारी कामावर खडी फोडली. खडी फोडणाऱ्याला पोटापुरती सुकडी मिळते आणि खडी पुरवणाऱ्याचा बंगला होतो, एवढं त्यांच्या ध्यानात आलं, आणि वस्तीतल्या माणसांना धरून त्यांनी मजूर सहकारी संस्था काढली. पुढे कचेऱ्यांना दर कामासाठी तीन कोटेशनं लागायला लागली. दादांनी घरातच तीन फर्म काढल्या. एक मुलाची, म्हणजे बंकटची. एक आत्याच्या मुलाची, सुंदररावची. आणि एक मोहनकाकांची. काका सरकारी नोकर, म्हणून ती काकूच्या नावावर. आपण जिल्हाभर मुरूम पुरवतो ही गोष्ट काकूला बरीच वर्षं ठाऊक नव्हती.

काम निघालं की दादा संध्याकाळी ओट्यावर बसून सांगायचे, "या खेपेला सुंदरची बारी." मग सुंदररावने सगळ्यात कमी दर लिहायचा आणि बाकी दोघांनी आपापल्या इभ्रतीला शोभेल इतका जास्त. विहिरीवर इंजन लावायच्या बाऱ्या जशा, तशाच या. कोणाची बारी कधी, ते फक्त दादांच्या डोक्यात असायचं आणि त्यावरून घरात कधी भांडण झालं नाही. बाहेरचा माणूस याला संगनमत म्हणाला असता. मुक्ताच्या ऑफिसात या विषयावर चहा-बिस्किटांसकट दिवसभराचं प्रशिक्षण व्हायचं. दादा याला घर म्हणायचे.

एकदा तिने त्यांना सुनावलं होतं. दादा शांतपणे म्हणाले होते, "तुझ्या कंपनीत काय वायलं चालतंय व्हय, मुक्ते? तिथले चोर एकमेकांला वळखत न्हाईत, एवढाच फरक."



शिनूसाहेबाने चहा घेतला, कप ठेवला आणि बॅगेतून तीन कागद काढले.

"पानी के कोटेशन तो आ गये तीनों. रोलर खडा है, मुरूम पे पानी मारना है. गेवराई साइड से टँकर लाऊं तो अंतर का खर्चा बैठता. तुमारी बावडी रोड को लगके है." तो थांबला. "मगर एक बात समझ में नही आयी. हमेशा एक का रेट कम रहता, दो का जादा. इस बार तीनों का कम है. बहुत कम."

बंकटने काकांकडे पाहिलं, काकांनी सुंदररावकडे, सुंदररावने आपल्या चपलांकडे.

"काका," बंकट म्हणाला, "तुमी कमी कावून लिहिला?"

"माझी बारी व्हती म्हणून."

"तुमची? पुलाची वाळू कोणी दिलती मग?"

"ती काकूनं दिलती," काका म्हणाले. "फर्म तिच्या नावावर हाय."

"अन् काकूची बारी वायली, तुमची वायली? वा रे वा!" सुंदरराव उसळला. "मामा मला दवाखान्यात सोताच्या तोंडानं म्हणले, सुंदर, पुढचं तुझं."

"नळ्या व्हत्या बे त्यांच्या नाकात! बोलले कवा?" बंकट म्हणाला.

"डोळ्यानं म्हणले."

"डोळ्यानं!" बंकटने हात जोडले. "आता डोळ्याचं बी कोटेशन निघालं का?"

आत्या मध्ये पडली. "ए बंकट, माझ्या लेकाला खोटं पाडू नको. माझा भाऊ डोळ्यानं बोलायचा. मला जन्मभर डोळ्यानंच दटावलंय त्यानं."

मुक्ता खांबाला टेकून ऐकत होती. या घरात आज पहिल्यांदा खरी स्पर्धा झाली होती. तीही दुखवट्यात. सरकारने इतके नियम केले, लेखापरीक्षक पाठवले, पण रास्त दर मिळायला अखेर एक माणूस जावा लागला.

"मेरे को उससे करना नही," शिनूसाहेब कंटाळून म्हणाला. "किसी को भी देता मैं. पर सब वारसों की संमती होना. स्टॅम्प पे. बहनजी की भी."

सगळ्या माना मुक्ताकडे वळल्या. आईची सोडून. आई, भिवराबाई, उंबऱ्याशी सुपात तांदूळ निवडत बसली होती. दादा गेल्यापासून ती कामापुरतं बोलत होती, आणि काम तर संपत नव्हतं.

त्यानंतरच्या तासाभरात मुक्ताला जेवढी माया मिळाली तेवढी लग्नातसुद्धा मिळाली नव्हती. सुंदररावने पुण्याला चारचाकीने सोडायचं कबूल केलं. काकांनी तिला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, की आपल्या दोघांनाच काय तो कायदा कळतो, बाकीचे अडाणी. थोड्या वेळाने तेच वाक्य ते बंकटला सांगताना तिने ऐकलं. मग काका आणि बंकट एक होऊन सुंदरराववर घसरले, की बहिणीच्या पोराला घरच्या पाण्यात बारी दिली हीच दादांची मेहरबानी. हे आत्याच्या कानावर गेलं आणि तिने काकांचं एक जुनं लफडं सगळ्यांसमक्ष काढलं. तशी तिला गप्प करायला काका सुंदररावशी एक झाले. चहा गाळून होईपर्यंत तीन तह झाले आणि तीनही मोडले.

शेवटी बंकट तिच्याजवळ येऊन बसला.

"तू परवा जाशील," तो म्हणाला. "मला हितंच ऱ्हायचंय. काम न्हाई तर टँकर दारात उभा. रोज सकाळी उठून त्याच्याकडंच बघायचं."

"आणि वस्तीनं काय प्यायचं, भाऊ?"

"सरकारी टँकर येतोय की."

"कधी येतो?"

"येतो कवाबवा." तो खाली बघून म्हणाला, "दादा असते तर दिलंच असतं पाणी."

दिलंही असतं. हेच तर वाईट होतं. दादांनी वाळू विकली, मुरूम विकला, डोंगराचा एक खांदा विकला. पाणीही विकलं असतं कदाचित. पण विहिरीपुरता त्यांचा एक नियम होता आणि तो कोणाचीही बारी असली तरी मोडत नव्हता: उन्हाळ्यात आधी हंडे, मग इंजन. सकाळी बायांचे हंडे भरून झाल्याशिवाय कोणी इंजनाच्या पट्ट्याला हात लावायचा नाही. ही विहीर आजोबांनी खणली, कारण गावाच्या विहिरीवर त्यांची सावली चालत नव्हती. आता गावाची विहीर कोरडी पडली होती आणि अर्धं गाव हंडे घेऊन इथे यायचं. सावलीचं काय झालं, ते कोणी विचारत नव्हतं. आत्या तेवढी रोज विहिरीच्या काठी उभी राहून मोठ्याने म्हणायची, "या या, आज बाटत न्हाई ना तुमी?"

सही केली तर रोजच्या खेपा सुरू होतील, आणि पाऊस येईस्तोवर या हंड्यांना पाणी उरणार नाही. नाही केली तर शिकलेल्या बहिणीने भावाच्या पोटावर पाय दिला, असं जन्मभर ऐकावं लागेल. मुक्ताला दोन्ही नको होतं. तेव्हा तिने नोकरीत शिकलेली युक्ती काढली. आपण नाही म्हणायचं नाही, नियमाकडून म्हणवायचं.

"साहेब," ती शिनूसाहेबाला म्हणाली, "सोर्स अप्रूव्हल झालंय का तुमचं?"

शिनूसाहेबाचा चेहरा पडला.

"विहिरीची चाचणी. एक इंजन लावायचं, पातळी किती उतरते ते बघायचं, मग थांबून परत किती भरते ते बघायचं. तुमच्याच करारात असतं. त्याशिवाय माझी संमती घेऊन काय करणार?"

"मॅडम आप..."

"खरेदी."

एका जादूगाराला प्रेक्षकांत दुसरा जादूगार बसलेला दिसावा, तसं त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याचा नियम त्यालाच वाचून दाखवणारं माणूस या जिल्ह्यात त्याला भेटलं नव्हतं.

"कल सुबे करता," तो म्हणाला. "प्रोग्राम के पहले. एक इंजन. पानी मेरे को साइट पे चलता, फुकट नही जाने देता."

"इंजन कोणाचं?" तिघांनी एकदम विचारलं.

"तुमारा तुम ठरवो," शिनूसाहेब म्हणाला आणि जीपमध्ये बसला.

मुक्ताला बरं वाटलं. पातळी उतरेल, झरा अशक्त आहे म्हणून ती परत भरून यायची नाही, साहेबच लिहून देईल की विहीर चालणार नाही. भांडण नाही, वाईटपणा नाही. दादांना ही युक्ती आवडली असती. आपली कुठलीही युक्ती दादांना आवडली असती, याचंच तिला आयुष्यभर वाईट वाटत आलं होतं.

सकाळी ती आईजवळ स्वयंपाकघरात होती. पाहुणे यायला लागले होते. मांजरसुंब्यापर्यंत बसने आलेले मांडवात पाय पसरून बसले होते, बौद्धाचार्य पांढऱ्या सदऱ्यात येऊन मेणबत्त्या मांडत होते. विहिरीकडून इंजनाचा आवाज येत होता. ठरल्याप्रमाणे. मुक्ता पोळ्यांचं फडकं झटकत होती, आणि आईचा लाटणं धरलेला हात थांबला.

"तीन हायेत," आई म्हणाली.

"काय तीन?"

"इंजनं."

मुक्ताने कान दिला. तिला एकच मोठा आवाज येत होता. मग त्यातला एक आवाज दुसऱ्यापासून सुटा झाला, आणि दुसरा तिसऱ्यापासून. ती तशीच अनवाणी निघाली.

विहिरीच्या तीन अंगांना तीन इंजनं लावलेली होती. तीन पाईप आत सोडलेले, तीन टँकर तोंड उघडून उभे. पांढरेशुभ्र कपडे घातलेले काका, सुंदरराव आणि बंकट आपापल्या इंजनाशी, एकमेकांकडे पाठ करून. पलीकडे बाभळीच्या सावलीत खुर्ची टाकून शिनूसाहेब घड्याळ बघत होता. आणि काठाला ओळीने वस्तीतल्या बाया, रिकामे हंडे घेऊन. इंजनं पहाटेपासून लावलेली होती. आज हंड्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

"एक इंजन ठरलं होतं!" मुक्ता ओरडली.

"एकच हाय," काका ओरडून म्हणाले. "माझं. या दोघांची बारी न्हाई, ते उगं आलेत."

"बारी माझी!" सुंदरराव तिकडून.

"बंद करा! भाऊ, बंद कर!"

"आधी त्यांना सांग," बंकट म्हणाला. "मी आधी बंद केलं तर बारी माझी नव्हती असं व्हतंय."

हे म्हणणं त्या तिघांना इतकं पटलेलं होतं, की तिघांचाही हात बटणापासून लांब होता. बारी सांगणारा माणूस मांडवात हाराखाली फोटोत बसला होता. आणि तो नाही म्हणून जगात बारी असण्याची एकच खूण उरली होती: जो शेवटपर्यंत इंजन चालवील, त्याची.

मुक्ता शिनूसाहेबाकडे धावली. "थांबवा हे. ही चाचणी नाही."

"अच्छाच है, मॅडम," तो समाधानाने म्हणाला. "तीनों व्हेंडर का ताकद भी दिख गया."

पहिला टँकर पुन्हा भरला आणि रस्त्याकडे सुटला. ते पाहून दुसऱ्याने घाई केली. दुसरा गेला म्हणून तिसरा अर्धवट झाकणानेच उधळला, वाटभर पाणी सांडत. तेवढी एक ओली रेघ फुफाट्यात उमटली आणि बघता बघता वाळली. मग काकांच्या इंजनाने आवाज बदलला. घशात काही अडकल्यासारखा. पाईपाने चिखल ओकला, मग वारा. मग दुसऱ्याने. बंकटचं इंजन सगळ्यांत शेवटी आचके देत थांबलं. बंकट जिंकला होता.

कोणाला आत डोकावायचं नव्हतं.

शिनूसाहेबाने डोकावलं. टेप खाली सोडला, वर घेतला, कागदावर लिहिलं.

"सोर्स फेल," तो म्हणाला. "ऐसा बराबर टेस्ट मेरी पूरी सर्विस में पहली बार हुआ." मांडवाच्या दिशेने हात जोडून तो जीपकडे निघाला. मुक्ताला हवं होतं ते वाक्य तिला मिळालं होतं, अगदी शब्दशः, आणि लेखी.

"बंकट," हंडेवाल्या बायांतली तुळजाबाई पुढे होऊन म्हणाली, "आमचं भरायचं ऱ्हायलं की रे."

बंकटने मोबाईल काढला. ड्रायव्हरशी बोलताना त्याचा आवाज चढला, मग उतरला. त्याने फोन खिशात घातला.

"टाकलं म्हणतोय. मुरमावर."

"वल्ला तरी झाला का मुरूम?" आत्या मागून येत म्हणाली. तिच्याबरोबर आई होती, पांढऱ्या लुगड्यात, कणकेच्या हातांनी. "का त्याला बी पुरलं न्हाई?"

मांडवाकडून एक जण पळत आला, की बौद्धाचार्य विचारतायत, विधीला पाणी कुठंय? वाटीत धार धरायची आहे सगळ्यांनी.

"जार आणतो," सुंदरराव तत्परतेने म्हणाला. "मांजरसुंब्याला फिल्टरचा मिळतो. थंड. मोटारसायकलवर आत्ता..."

"इकतचं?" आई म्हणाली.

एवढा एकच शब्द. सुंदररावने किल्ली परत खिशात टाकली.

आई काठाशी गेली. घरातली ती एकटीच वाकून बघू शकली. बराच वेळ बघत होती.

"झरा हाय," ती म्हणाली. "पूर्वेच्या कपारीला. थेंब थेंब येतोय. तांब्या अन् वाट्या आणा घरातून. उतरा."

"कोण उतरायचं, वहिनी?" काकांनी विचारलं.

"बारीनं."

तिघेही मान खाली घालून उभे होते. इतका वेळ ज्या शब्दासाठी भांडले, तो आता कोणालाच नको होता.

"आधी मोहन भाऊजी," आई म्हणाली. "मग सुंदर. मग बंकट."

"मी शेवटी कावून?" बंकटच्या तोंडून निघून गेलंच. आत्याने कपाळावर हात मारला.

"शेवटी तू न्हाईस," आई म्हणाली. "शेवटी मुक्ती."

काका चुळबुळले. "वहिनी, लेकीबाळीची कुठं बारी असती व्हय हिरीवर? आजवर कवा..."

"काल सहीला व्हती की," आई म्हणाली.

काकांनी धोतर खोचलं आणि गुपचूप पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

एकेक जण उतरला आणि एकेक जण वर आला. काका धापा टाकत, सुंदरराव गुडघाभर चिखलात माखून, बंकट लाल झालेल्या डोळ्यांनी. प्रत्येकाने दोन-चार वाट्या आणल्या होत्या. तांब्या जेमतेम भरला. विधीपुरतं पाणी झालं. आयुष्यात पहिल्यांदा तिन्ही फर्मनी मिळून एक मागणी वेळेत पुरी केली होती. आईने तांब्या पदराखाली घेतला आणि मुक्ताकडे बघून मान हलवली.

मुक्ता उतरली. भिंतीतून बाहेर काढलेले दगड, एवढ्याच पायऱ्या. वरच्या कोरड्या, मधल्या शेवाळलेल्या, खालच्या अजून ओल्या. जिथवर पाणी असायचं तिथवर दगडावर वर्षावर्षाच्या रेघा होत्या, दर उन्हाळ्याला थोड्या खाली. तळाशी गार होतं. चिखलात तीन इंजनांच्या पाईपांनी तीन खड्डे पाडले होते. वर आभाळाचा एक गोल तुकडा आणि त्याच्या कडेने डोकी.

याच विहिरीत दादांनी तिला पोहायला शिकवलं होतं. कमरेला दोर बांधून. ती खाली बघायची आणि किंचाळायची, आणि दादा काठावरून सांगायचे, "खाली बघू नको, मुक्ते. या हिरीला तळच न्हाई." तिने विश्वास ठेवला होता आणि हात मारले होते. आज ती त्या तळावर उभी होती, घोट्यापर्यंत चिखलात.

म्हणजे तेही दादांचं एक कोटेशनच निघालं.

तिला हसू आलं. ते हसणं अर्ध्यातच दुसरं काही झालं, आणि दवाखान्यापासून आजपर्यंत न आलेलं रडू तिथे, कपारीला तोंड करून, आलं. वरून कोणाला दिसत नव्हतं, हे एक बरं होतं. वाटी तिने दगडाला दाबून धरली होती. थेंब पडत होता. मग पुढचा. घाई नव्हती त्याला.

"मुक्ते!" वरून बंकटची हाक आली. विहिरीत आवाज घुमला. "ये वर आता. तांब्या भरलाय. सगळे खोळंबलेत."

"बौद्धाचार्यांना पुढं दुसऱ्या गावाला जायचंय," काकांचा आवाज.

तिने पदराने तोंड पुसलं. वर पाहिलं. डोक्यांच्या मागे, उन्हात, हंड्यांचे काठ चमकत होते.

"तुळजाबाई," तिने खालून हाक दिली, "दोर हाय का?"

"हाय की."

"सोडा हंडा."

"अगं, येडी का तू?" बंकट ओरडला. "वाटीनं हंडा भरायला दिवस जाईल. विधी करायचा का न्हाई दादांचा?"

"करायचा," मुक्ता म्हणाली. वाटी भरली होती. ती तिने छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने वरून डुलत येणाऱ्या हंड्याचा काठ पकडला. "बसवा सगळ्यांना. माझी बारी हाय, भाऊ. आधी हंडे."

वरून आत्याचा आवाज आला, कोणाला तरी दटावणारा: "सरक की बाजूला. दुसरा हंडा सोडायला जागा दे."

हंडा तळाला टेकला. मुक्ताने वाटी त्यात उपडी केली आणि पुन्हा कपारीला लावली.